कागदपत्रे पाठवा, पण थेट!

गेल्या वर्षी आमच्याच घरी घडलेली गोष्ट. मुलीच्या जातपडताळणीचा अर्ज भरायचा होता. स्कॅन केलेली पाने मोबाईलमध्ये, अर्ज संगणकावर आणि दोन्ही यंत्रे एकाच टेबलावर! घाईघाईत आम्ही ती मोबाईलवरच्या एका गटात टाकली. घरच्यांचा गट समजलो, तो निघाला गावाचा. आधारकार्ड अन् बँकेचे पासबुक शंभरेक लोकांसमोर गेले. मनस्ताप झाला, पण शहाणपणही आले.

टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला जाण्यासाठी कागद दूरच्या कंपनीच्या साठ्यात कशाला न्यायचा? शिवाय इंटरनेटचा खर्च दुप्पट. एक जीबीची फाईल चढवताना एक जीबी आणि उतरवताना आणखी एक.

पूर्वी आपली मुले यासाठी शेअरइट, झेंडर वापरत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. आज ‘लोकलसेंड’ हे मोफत साधन आहे. ते विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोन या सर्वांवर चालते. दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर घ्यावीत. वायफाय नसल्यास मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडावा. दोन्हीकडे लोकलसेंड उघडले की समोरच्या यंत्राचे नाव दिसते. त्यावर टिचकी मारावी, समोरच्याने स्वीकारावे. फाईल थेट जाते, इंटरनेट खर्ची पडत नाही.

मुलगा पुण्याला आणि घर कारंजाला असेल तर? संगणकावर हुकूम टाईप करता येणाऱ्यांसाठी ब्रायन वॉर्नर यांचे ‘मॅजिक वर्महोल’ आहे. ते एक आकडा आणि दोन शब्दांचा संकेत देते. तो फोनवर सांगायचा, पलीकडच्याने टाईप करायचा. संकेत एकदाच चालतो. थेट वाट न मिळाल्यास फाईल मधल्या संगणकावरून जाते, पण कुलूपबंदच.

मात्र एक पथ्य पाळावे. अनोळखी नावाकडून फाईल आली तर स्वीकारू नये. आणि दुकानातल्या संगणकावर कागद उतरवला असेल, तर काम होताच आपल्यासमोर पुसून घ्यावा.

एकेका दाखल्यासाठी आपल्या माणसांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. तो दाखला नको त्या हाती जाऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ या. या रविवारी घरातल्या मुलीला शेजारी बसवा आणि एक फोटो थेट पाठवून पाहा. ती शिकेल, आपणही शिकू.