हाफबॅकची कामगिरी : फोर्तुनातो फ्रँको

फुटबॉलचा सामना संपवून मुलें घरीं जाऊं लागलीं म्हणजे तीं कोणाचें नांव घेतात ? ज्यानें गोल केला त्याचें. त्याच्यापर्यंत चेंडू कोणीं आणून दिला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आपल्या भंडारा जिल्ह्यांत तलावाचें पाणी पाटानें बांधींत येतें, तेव्हां धान पिकतें. पुढें खळ्यावर धानाची रास सर्वजण पाहतात. पाटाकडे कोणाची दृष्टि जात नाहीं. फुटबॉलच्या मैदानावर हें पाटाचें काम करणाऱ्या गड्यास पूर्वीं हाफबॅक म्हणत. आतां त्यास मिडफील्डर म्हणतात. अशा एका गड्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हाफबॅकचें काम समजून घेऊं. तो बचाव करणारे गडी व पुढें हल्ला करणारे गडी यांच्या मध्यें उभा असतो. प्रतिपक्ष चाल करून आला कीं मागें धांवून त्यास अडवावयाचें, आणि चेंडू हातीं लागतांच आपला कोणता गडी मोकळा आहे तें पाहून त्याच्याकडे तो पोंचवावयाचा. पहिल्या कामास दम लागतो. दुसऱ्यास विचार लागतो. सामन्यांत सर्वांत अधिक धांवूनही गोलांच्या यादींत ज्याचें नांव क्वचितच येतें, असा हा गडी होय.

फोर्तुनातो फ्रँको हे मूळचे गोव्यांतील कोलवाळचे; परंतु ते वाढले व खेळले मुंबईंत. त्या काळीं आपल्या देशांत केवळ फुटबॉलवर कोणाचें पोट भरत नसे. रेल्वे, गिरण्या व मोठ्या कंपन्या चांगल्या गड्यांस नोकरी देत, व ते आपल्या कंपनीच्या संघांतून खेळत. फ्रँको हे टाटांच्या संघांतून खेळूं लागले व तेथेंच नांवारूपास आले. १९६० सालीं रोम येथील ऑलिंपिकसाठीं निवडलेल्या भारतीय संघांत त्यांचा समावेश झाला. परंतु एकाही सामन्यांत त्यांस मैदानावर उतरावयास मिळालें नाहीं. इतक्या दूर जाऊन बाजूस बसून राहणें तरुण मनास किती जड जात असेल, याची कल्पना आपण करूं शकतों.

दोन वर्षांनीं, १९६२ सालीं, जकार्ता येथें आशियाई सामने झाले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघांत आतां फ्रँको यांचें स्थान पक्कें होतें. आरंभींच दक्षिण कोरियानें भारतास २-० असें हरविलें. पुढें थायलंड व जपान यांस जिंकून आणि उपांत्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामला ३-२ असें हरवून आपला संघ अंतिम सामन्यास पोंचला. समोर पुन्हां दक्षिण कोरियाच होता. तैवान व इस्रायल यांस सामन्यांत प्रवेश न मिळाल्याबद्दल गुरुदत्त सोंधी या भारतीय क्रीडाधिकाऱ्यांनीं हरकत घेतली होती. त्यामुळें तेथील लोक भारतावर खवळले होते. ४ सप्टेंबर रोजीं सुमारें एक लक्ष प्रेक्षकांच्या हुर्योंत आपले गडी मैदानावर उतरले. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांनीं केला. त्यानंतर थोड्याच वेळांत फ्रँको यांनीं फ्री किकचा चेंडू पुढें उचलून दिला, आणि डोक्यास टांके पडलेले जर्नैलसिंग यांनीं त्यावर दुसरा गोल केला. भारत २-१ असा जिंकला व सुवर्णपदक मिळालें. यादींत नांव जर्नैलसिंगांचें आहे, व तें योग्यच आहे. परंतु तो चेंडू कोठून आला हेंही लक्षांत ठेवावें.

१९६४ सालीं महाराष्ट्रानें संतोष ट्रॉफी जिंकली. त्या संघांत फ्रँको होते; त्याच वर्षीं आशियाई चषकांत भारत दुसरा आला, त्या संघांतही ते होते. पुढें गुडघ्याच्या दुखापतीमुळें त्यांचा खेळ अकालीं थांबला. १० मे २०२१ रोजीं ते गोव्यांत निवर्तले.

याच्या शेजारीं स्वीडनच्या नील्स लीडहोल्म यांचें उदाहरण ठेवून पाहावें. तेही मध्यभागींच खेळत. १९४८ सालीं त्यांच्या संघानें लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें. पुढच्याच वर्षीं इटलींतील मिलान संघानें त्यांस पगारावर नेलें. मग पैसे घेऊन खेळणारास स्वदेशाच्या संघांत घेत नसत, म्हणून अनेक वर्षें ते राष्ट्रीय संघाबाहेर राहिले. १९५८ सालीं ते परतले, आणि पस्तिसाव्या वर्षीं स्वीडनचे कप्तान म्हणून विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं पहिला गोल केला. सामना मात्र ब्राझीलनें ५-२ असा जिंकला. एकाला खेळानें पोटास दिलें, पण बरींच वर्षें देशाचा संघ अंतरला. दुसऱ्याला देशाचा संघ लाभला, पण पोटासाठीं नोकरी धरावी लागली.

आतां आपल्या देशांतही पगारी फुटबॉल आला आहे. तरी गुडघा एका क्षणांत दगा देतो, हें बदललेलें नाहीं. म्हणून पालकांनीं मुलास मैदानावर जरूर पाठवावें, आणि पुस्तकही त्याच्या हातून सुटूं देऊं नये. विद्यार्थ्यांनींही पुढच्या सामन्यांत गोल झाला म्हणजे क्षणभर मागें वळून पाहावें, व ज्यानें चेंडू दिला त्याच्या नांवानेंही एकदां टाळी वाजवावी.