कोरा रकाना

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागते. राजगडाला जाणारे पुष्कळ लोक येथूनच साखर-गुंजवण्याकडे वळतात. या गावच्याच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या सरकारी तक्त्यांत एक शब्द हमखास भेटतो : 'निरंक'. रकाना कोरा सोडला, तर कारकुनाने पाहिलेच नाही की पाहून काही आढळले नाही, हे कळत नाही. 'निरंक' लिहिले की शंका मिटते. आजचा आपला विषय संगणकाचा असला, तरी त्याचे मूळ या कोऱ्या रकान्यातच आहे.

संगणकाला ओळीने हुकूम देणारा कागद म्हणजे शेल-स्क्रिप्ट, आणि हुकमात लागणारी माहिती ज्या नावाखाली ठेवतात ते व्हेरिएबल. समजा, एखाद्या कचेरीच्या संगणकात 'नकला' नावाचा कप्पा आहे आणि त्यात गावागणिक एकेक खण. आपण हुकूम लिहिला : 'गाव' या व्हेरिएबलमध्ये जे नाव असेल, 'नकला'मधील तो खण पुसून टाक. नाव 'मार्गासनी' असेल, तर एका गावाच्या नकला जातील. पण नाव भरायचेच राहिले तर? शेल थांबत नाही, विचारीत नाही. त्या जागी काहीच न घालता तो हुकूम पुरा करतो आणि सगळा 'नकला' कप्पाच पुसून टाकतो!

ही भीती काल्पनिक नव्हे. लिनक्सवरील 'स्टीम' या खेळांच्या प्रणालीत असा दोष असल्याचे जानेवारी २०१५ मध्ये उघडकीस आले. 'स्टीम'चे ठिकाण सांगणारे व्हेरिएबल कोरे राहिले, पुढची तिरपी रेघ तेवढी उरली. आणि ती रेघ म्हणजे साऱ्या कप्प्यांचे मूळ! वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फायली पुसल्या गेल्या. लिहिणाऱ्याने त्या ओळीपाशी 'भीतिदायक' अशा अर्थाची टीप ठेवली होती. भीती वाटली, पण तपासणी झाली नाही.

तपासताना तीन अवस्था ओळखाव्या लागतात. व्हेरिएबल मांडलेच नाही, ही पहिली. मांडले पण आत काही नाही, ही दुसरी. आत नुसत्या मोकळ्या जागा, ही तिसरी. 'सेट उणे यू' हा हुकूम पहिलीच पकडतो. 'स्टीम'चा अपघात दुसरीतला होता. 'टेस्ट'ची 'उणे झेड' ही चाचणी पहिल्या दोन्ही पकडते. तिसरीसाठी आधी मोकळ्या जागा काढून मगच ती चाचणी लावावी. व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणात ठेवावे; अवतरण नसेल, तर 'भरलेले आहे काय?' असे विचारणारी 'उणे एन' चाचणी कोऱ्यालाही 'होय' म्हणते.

आणखी एक सोपा उपाय आहे. महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे अपूर्णविराम व प्रश्नचिन्ह घातले, की नाव मांडलेले नसो वा रिकामे असो, स्क्रिप्ट तेथेच तक्रार करून थांबते.

यंत्राला 'निरंक' आणि 'राहून गेले' यांतला भेद आपणहून कळत नाही. तो आपण लिहून द्यावा लागतो, आणि तोही पुसण्याच्या हुकमाआधी.