हौसे, नवसे आणि गोविंदे

ऑनलाइन खेळात टोळी करून लढणारी आमच्या कॉलेजातली मुले कँटीनमध्ये एकाच गोष्टीवरून भांडतात. रात्र-रात्र जागून खेळणाऱ्यांनी, रविवारी गंमत म्हणून डोकावणाऱ्यांना ऐन सामन्यात घ्यावे की नाही? मला या भांडणाचे हसू येत नाही. ठाण्यात हाच तंटा दर श्रावणात माणसांच्या खांद्यांवर चढतो!

२०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम केला. २०२५ मध्ये ठाण्यातच कोकण नगर पथकाने दहा थर रचले. एवढ्या उंचीला शेकडो माणसे लागतात, आणि त्यांत जत्रेतल्यासारखे हौसे, नवसे, गवसे सगळेच आले. कुणी गुरुपौर्णिमेपासून, कामावरून सुटला की थेट सरावाला येतो. कुणी टी-शर्ट वाटण्याच्या दिवशीच प्रथम दर्शन देतो! कसलेल्यांचा राग वाजवी आहे. खालच्या थरातल्याने मान खाली घातलेली असते. वर काय चालले आहे ते त्याला खांद्यावरच्या पावलावरूनच उमगायचे. ते पाऊल अनोळखी असले की तो बिचकतो, आणि त्याच्या बिचकण्याची किंमत वरचे पोर देते.

मग हौशांना हाकलावे? छे! खालच्या थराला चहूबाजूंनी रेटून धरणारा घेरा मग आणायचा कुठून? थर कोसळला तर वरचा पडतो तो याच घेऱ्याच्या हातांवर. स्पेनमध्ये कॅटलोनियातल्या मानवी मनोऱ्यांना युनेस्कोने २०१० साली वारशाचा मान दिला. तिथेही बघ्यांपैकी कुणी पायथ्याशी येऊन रेटा द्यावा, अशी रीत आहे.

उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उंचीवर बंधन घातले नाही. १४ वर्षांखालील मुले थरांत नसतील एवढी हमी सरकारने दिली. बाकी कुणाला कुठे उभे करायचे, हे पथकाच्याच हाती. माझ्या मते घेरा सर्वांना खुला असावा, खांदा मात्र सरावाला आलेल्यालाच मिळावा. वर्गणीदाराचा चिरंजीव, कुणाचा तरी मेव्हणा, असल्या ओळखी तिथे चालू नयेत. पण हंडी फोडून आल्यावर पंगत बसेल तेव्हा घेऱ्यातल्यांना मागच्या रांगेत ढकलू नये. दंड काळेनिळे होतात ते त्यांचेही, आणि पुढच्या गुरुपौर्णिमेला त्यांतलेच दोघे-तिघे सरावाला उभे राहतात.