हेड गॅस्केटला सीलंटचा फवारा मारावा काय?

चोपडा तालुक्यात वैशाखाच्या उन्हात केळीला पाणी देणाऱ्या डिझेल इंजिनाचे हेड गॅस्केट जळाले, तर बाग धोक्यात येते. अशा वेळी नवे गॅस्केट बसविताना त्यावर सीलंटचा फवारा मारण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो मारावा की नाही, हे गॅस्केटच्या प्रकारावर अवलंबून आहे.

ज्यावर कारखान्यातच लेप दिलेला असतो, ते गॅस्केट कोरडेच बसवावे. जादा सीलंट पाण्याच्या व तेलाच्या छिद्रांत शिरून ती बुजण्याचा संभव असतो. निव्वळ तांब्याच्या पत्र्याच्या गॅस्केटला मात्र तांबेयुक्त सीलंटचा पातळ थर उपयुक्त ठरतो; तोही इंजिनाच्या पुस्तिकेत मनाई नसेल तरच द्यावा.

फवाऱ्याने वाकलेले हेड सरळ होत नाही. म्हणून प्रथम हेड व ब्लॉक यांचे पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे करावेत. जुने गॅस्केट ॲस्बेस्टॉसचे असल्यास ते ओले करूनच काढावे. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. नंतर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी. ती मर्यादेबाहेर असल्यास हेड यंत्रशाळेतून सपाट करून घ्यावे. वापरलेले गॅस्केट पुन्हा बसवू नये. नट समोरासमोरचे घेऊन, टप्प्याटप्प्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आवळावेत.

एवढी दक्षता घेतल्यास ऐन उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकण्याचा प्रसंग सहसा येणार नाही.