कुणाशीही न जमणारा धातू

पारनेर तालुक्यात निघोजला गेलेला माणूस कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघत राहतो. मला त्या खळग्यांइतकंच नवल त्यांच्या दगडाचं वाटतं. त्या काळ्या बेसॉल्टचा वजनाने जवळपास निम्मा भाग सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. प्लॅटिनम मात्र त्यात अब्जात काही भाग, एवढंच. चिपचा सिलिकॉन बेसॉल्टमधून नव्हे, शुद्ध क्वार्ट्झमधून काढतात. पण एक मूलद्रव्य मुबलक आणि दुसरं जवळजवळ नाहीच, हे या दगडात नीट कळतं. आणि माणसाने नेमके हेच दोघे एकमेकांवर आणून बसवले!

पवईच्या आयआयटीत 2006 पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला कधी ना कधी ठरवावं लागतं, की सिलिकॉनवर कोणता धातू चढवायचा? ॲल्युमिनियम स्वस्त आणि सोयीचं, पण 660 अंशांना वितळतं. सोनं सिलिकॉनला लागून असेल, तर 363 अंशांनाच दोघांचा रस होतो. प्लॅटिनम 1768 अंशांपर्यंत टिकतं आणि तापलेल्या हवेतही गंजत नाही. किमतीचं दडपण तर हिशोब केला की उतरतं: सिलिकॉनच्या चार इंची चकतीभर 100 नॅनोमीटर जाडीचा थर म्हणजे जेमतेम 17 मिलिग्रॅम धातू. थर चढवणाऱ्या यंत्राच्या भिंतींवर बराच वाया जातो, ते वेगळं.

शिवाय त्याचा विद्युतरोध तापमानाबरोबर अगदी इमानाने वाढतो. शून्य अंशाला 100 ओहम दाखवणारा प्रमाणित सेन्सर 100 अंशांना 138.5 ओहम दाखवतो. त्यामुळे वायू ओळखणाऱ्या चिपवर प्लॅटिनमची एकच नागमोडी रेघ शेगडीही होते आणि तापमापकही. खालचा सिलिकॉन कोरून काढलेला, रेघ नुसत्या पातळ पडद्यावर तोललेली. काही मिलिवॉट दिले की ती तीनशे अंशांवर पोचते.

पण जो धातू ऑक्सिजनशीही नातं जोडत नाही, तो सिलिकॉनवरच्या काचेसारख्या सिलिकॉन डायऑक्साइडला तरी का चिकटेल? थर चढवून वर चिकटपट्टी लावली आणि ओढली, की अख्खा थर पट्टीबरोबर निघून येतो. म्हणून भिंतीला रंगाआधी प्रायमर लावतात तसा आधी 10-20 नॅनोमीटर टायटॅनियमचा थर देतात. तो ऑक्सिजनला घट्ट धरतो आणि प्लॅटिनमलाही.

पुढची अडचण आकार देण्याची. प्लॅटिनम विरघळवायला अम्लराज लागतं, आणि त्यापुढे नक्षी राखणारा फोटोरेझिस्टही टिकत नाही. तेव्हा क्रमच उलटा करतात: आधी रेझिस्टची नक्षी, मग सगळीकडे प्लॅटिनम, मग चकती ॲसिटोनमध्ये. खालचा रेझिस्ट विरघळतो, वरचा धातू चंदेरी पापुद्र्यांनी सुटून तरंगू लागतो आणि हवी तेवढीच रेघ मागे उरते. या रीतीला लिफ्ट-ऑफ म्हणतात. क्लीनरूममधलं इतकं देखणं काम दुसरं नाही, असं मला वाटतं.

एवढा अलिप्त धातू उघड्या सिलिकॉनला मात्र लगेच वश होतो. तीनशे अंशांच्या आसपास दोघांचं प्लॅटिनम सिलिसाइड बनतं; त्याचे उत्तम विद्युतजोड होतात. आणखी तापवलं, तर प्लॅटिनमचे अणू सिलिकॉनच्या आत शिरतात आणि तिथले इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) यांचं आयुष्य घटवतात. ट्रान्झिस्टर बनवणारे म्हणूनच त्याला आपल्या भट्ट्यांजवळ येऊ देत नाहीत. वेगवान पॉवर डायोड बनवणारे मात्र तेच अणू मुद्दाम आत सोडतात, कारण आयुष्य घटलं की डायोड चटकन बंद होतो.