भिंतीवरचं चित्र की मोठा पडदा? टीव्ही घेण्याआधीचा हिशेब

आजच्या भाषणाचा विषय आहे टीव्ही. गटाच्या बैठकीत अलीकडे हा प्रश्न बराच निघतो. कुणाला घरात नवा टीव्ही घ्यायचाय, कुणाच्या गटाला प्रशिक्षणाच्या खोलीसाठी हवाय, तर कुणी पाहुण्यांसाठी खोली बांधलीय आणि तिथे लावायचाय. तालुक्याच्या दुकानात गेलं की त्याच पैशात दोन गोष्टी समोर येतात. एक, बंद असताना भिंतीवर फ्रेम केलेलं चित्र लावल्यासारखा दिसणारा टीव्ही. दुसरा, साधा पण चांगला मोठा टीव्ही. यातला कोणता घ्यावा? आपण नीट समजून घेऊ या, कारण यात जाणारा पैसा आपल्या कष्टाचा आहे.

आधी हा चित्राचा टीव्ही काय आहे ते पाहू. सॅमसंग कंपनीने 2017 साली 'द फ्रेम' नावाने असा टीव्ही बाजारात आणला. आता दुसऱ्याही काही कंपन्यांनी तसे टीव्ही काढले आहेत. त्याच्या चारी बाजूंना लाकडासारखी दिसणारी चौकट बसवता येते. तो भिंतीला अगदी चिकटून बसतो. कार्यक्रम पाहणं थांबवलं की पडदा काळा न होता त्यावर एखादं चित्र किंवा आपलाच फोटो दिसत राहतो. खोलीतला उजेड कमी-जास्त झाला की चित्राचा उजेडही तसाच बदलतो. खोलीत कुणी नसेल तर पडदा आपोआप विझतो.

यातली एक गोष्ट खरोखर कामाची आहे. 2022 पासून या टीव्हीचा पडदा चकचकीत न ठेवता मॅट, म्हणजे चमक मारलेला, केला आहे. आपल्या घरांमध्ये सोप्यात टीव्ही असतो आणि समोर सताड उघडं दार. दुपारी पडद्यावर मालिकेऐवजी अंगण दिसतं! मॅट पडद्यावर असं प्रतिबिंब फार कमी पडतं. मात्र त्याच कारणाने भर उजेडात काळा रंग थोडा राखाडी वाटतो.

आता दुसरी बाजू. चित्र दिसतंय म्हणजे टीव्ही चालू आहे. कागदावरच्या चित्राला वीज लागत नाही, याला लागते. कार्यक्रम पाहताना लागते त्यापेक्षा कमी, पण लागते. समजा चित्र दाखवताना 40 वॅट लागले आणि ते दिवसाला 10 तास दिसत राहिलं, तर रोज 400 वॅट-तास झाले. महिन्याला 12 युनिट. खोलीत कुणी नसलं की तो विझतो हे खरं, पण आपल्या सोप्यात कुणी नाही अशी वेळ दिवसात किती येते? आजी बसलेल्या असतात, मुलं ये-जा करतात, शेजारीण डोकावते. महावितरणच्या घरगुती बिलात महिन्याला 100 युनिटच्या पुढचे युनिट महाग दराने लागतात हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं बिल 95 युनिटचं येत असेल, तर या 12 मधले 7 युनिट त्या महाग दरात जातील. आणि वीज गेली की चित्रही गेलं.

शिवाय चित्रांचं भांडार फुकट नसतं. थोडी चित्रं टीव्हीबरोबर मिळतात, बाकीच्या मोठ्या संग्रहासाठी दरमहा वर्गणी भरावी लागते. वर्गणी किती ते दुकानात विचारायचं, 12 ने गुणायचं आणि मग ठरवायचं. आपले स्वतःचे फोटो लावायला मात्र वर्गणी लागत नाही.

भिंतीचाही विचार हवा. हा टीव्ही चिकटून बसायला भिंत सपाट आणि कोरडी लागते. दगडी किंवा मातीच्या भिंतीला तो तसा बसत नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर कुठलाच टीव्ही चिकटवू नये. साधा टीव्ही टेबलावरही उभा राहतो आणि मागून हवा खेळते.

आता मोठ्या टीव्हीकडे वळू. टीव्हीचं माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतात. 43 इंची टीव्ही साधारण साडेसदतीस इंच रुंद आणि 21 इंच उंच असतो. 55 इंची टीव्ही 48 इंच रुंद, म्हणजे चार फूट, आणि 27 इंच उंच. आकड्यात फरक 12 इंचांचा वाटतो, पण पडद्याची जागा दीडपटीहून जास्त वाढते. दुकानात उभं राहून हे कळत नाही. घरी जाऊन भिंतीवर खडूने चौकोन आखा, मग समोर बसून पाहा.

किती मोठा पुरेसा? घरात कार्यक्रम पाहायचा असेल तर टीव्हीचे इंच दीडने गुणा. तेवढ्या इंचांवरून चित्र छान भरून दिसतं. 43 इंची टीव्हीसाठी हे अंतर साधारण साडेपाच फूट, 55 इंचीसाठी सात फूट. तुमचा सोपा आठ-दहा फुटांचा असेल तर 43 किंवा 55 मध्ये भागतं. त्याहून मोठा घेऊन मान वळवत बसण्यात अर्थ नाही.

गटाच्या खोलीचा हिशेब वेगळा. तिथे आपण अक्षरं वाचतो: योजनेची माहिती, हिशेबाचा तक्ता, खताचं प्रमाण. त्यासाठी प्रशिक्षण देणारे एक ठोकताळा वापरतात. पडद्याची उंची सहाने गुणायची, शेवटची बाई त्या अंतराच्या आत बसायला हवी. 43 इंचीला ते अंतर साडेदहा फूट येतं, 55 इंचीला साडेतेरा फूट, 65 इंचीला सोळा फूट. वीस बाया बसल्या तर शेवटची ओळ बारा-तेरा फुटांवर सहज जाते. म्हणजे 43 इंची सुंदर चौकटीचा टीव्ही आणला, तर मागे बसलेल्यांना वाचताच येणार नाही. आणि मागे कोण बसतं? नव्याने आलेली सून, कमी शिकलेली मावशी, दिसायला कमी झालेली आजी. ज्यांना माहितीची सगळ्यात जास्त गरज, त्याच वंचित राहतील. गटासाठी म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पैसे पडद्याच्या आकारावर घाला, चौकटीवर नको.

त्याच किमतीतल्या साध्या मोठ्या टीव्हीत चित्राचा दर्जाही अनेकदा वरचढ मिळतो. पातळ टीव्हीत दिवे बहुधा कडेला असतात, जाड टीव्हीत ते पडद्यामागे पसरलेले असू शकतात. मागे दिवे असलेल्या आणि ते भागाभागाने मंद होणाऱ्या टीव्हीत रात्रीची दृश्यं स्पष्ट दिसतात. दुकानदाराला विचारा, "दादा, यात दिवे कडेला आहेत की मागे?"

मग चित्राचा टीव्ही कुणी घ्यावा? ज्यांची खोली लहान आणि पक्की आहे, टीव्ही रोज तासभरच लागतो, दारातून ऊन पडद्यावर येतं आणि कर्ज न काढता पैसे उभे राहतात, त्यांनी हौसेने घ्यावा. हौस ही वाईट गोष्ट नाही. बाईने घर सजवायचं म्हटलं की त्याला उधळपट्टी म्हणायचं, आणि घरातल्या पुरुषाने मोटारसायकलला नवे आरसे बसवले की गरज म्हणायचं, हे आपल्याला मान्य नाही. फक्त हौसेची किंमत माहीत असावी.

पाहुण्यांची खोली चालवणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. शहरातून आलेला माणूस परदेशी चित्र पडद्यावर पाहायला तुमच्या गावी येत नाही. पालघर-डहाणूकडे वारली घरांत लग्नाचा चौक भिंतीवर सवाष्णी काढत आल्या आहेत. त्या कलेसाठी जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. तुमच्याही भागात भिंत रंगवणारे, गोधडी शिवणारे हात आहेत. वाचलेल्या पैशातून त्यांच्याकडून एक चित्र करून घ्या. वीज नको, वर्गणी नको, आणि पैसा गावातच राहिला.

आता कर्जाचं बोलू. समजा दोन टीव्हींच्या किमतीत 20,000 रुपयांचा फरक आहे आणि तो तुम्ही गटातून महिना 2 टक्क्यांनी घेतला. दरमहा 2,000 रुपये मुद्दल फेडलं तर दहा महिन्यांत व्याज 2,200 रुपये होतं. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी घेतलेलं कर्ज स्वतःचं व्याज कमावतं. टीव्हीचं कर्ज तसं नाही. दुकानातला "बिनव्याजी हप्ता" असेल तर दोन प्रश्न विचारा: प्रक्रिया शुल्क किती? आणि रोख दिले तर किती सूट? ती गेलेली सूट म्हणजेच व्याज.

कराचीही माहिती हवी. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. कर धरण्याआधी 40,000 चा टीव्ही आधी 51,200 ला पडायचा, तो आता 47,200 ला पडायला हवा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर 18 टक्केच लावलेत ना, पाहा.

दुकानात जाण्याआधी वहीत एवढं लिहून न्या:

1. शेवटची बाई किती फुटांवर बसेल?
2. स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लिहिलेत?
3. दुरुस्तीचा माणूस गावापर्यंत येतो का? त्याचे वेगळे पैसे पडतात का?
4. भिंतीवर बसवणं, चौकट, वर्गणी, स्टॅबिलायझर धरून एकूण किती?
5. पडदा फुटला किंवा विजेच्या दाबाने जळला तर वॉरंटीत बसतं का? साधारणपणे बसत नाही, म्हणून लेखी विचारा.

गटाचा टीव्ही असेल तर खरेदीचा ठराव बैठकीच्या नोंदवहीत लिहा, बिल गटाच्या नावाने घ्या आणि वॉरंटीचं कार्ड गटाच्या पेटीत ठेवा. घरचा असेल आणि पैसे तुमचे असतील, तर बिलावर नाव तुमचंच टाकायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या बैठकीत मोजपट्टी आणि खडू घेऊन या, तुमच्याच भिंतीवर 43 आणि 55 चे चौकोन आखा आणि शेवटच्या ओळीतल्या बाईला विचारा, "ताई, दिसतंय का?" तिचं उत्तर येईल त्यावर ठरवा. आज इथेच थांबतो.