गेम, पट्टी आणि नेमका प्रश्न

‘व्हिडिओ गेममुळे मेंदू तल्लख होतो का?’ विज्ञान प्रदर्शनासाठी मुले हा विषय हौसेने निवडतात आणि तिथेच अडकतात. तल्लख म्हणजे काय, कोणता गेम, किती वेळ, हे ठरल्याशिवाय मोजणार काय?

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन हा विद्यार्थी अवधानाची एक चाचणी संगणकावर तयार करत होता. स्वतःवर करून पाहिली, तर त्याला भलतेच जास्त गुण पडले. प्रोग्रॅमच चुकला असावा, असे त्याला वाटले. पण त्याच्या मित्रांचेही तेच झाले. सगळे अ‍ॅक्शन गेम खेळणारे. म्हणजे गेममुळे नजर तयार झाली? की मुळात तीक्ष्ण नजरेची मुलेच अशा गेमकडे वळतात? नुसत्या तुलनेने हा गुंता सुटत नाही.

म्हणून ग्रीन आणि त्याच्या मार्गदर्शक डाफ्ने बावेलिए यांनी असे गेम न खेळणाऱ्यांचे दोन गट केले. दहा दिवस, रोज तासभर, एका गटाने ‘मेडल ऑफ ऑनर’ हा युद्धाचा गेम खेळला, दुसऱ्याने ‘टेट्रिस’. मुद्दाम बदलला तो गेमचा प्रकार, हा स्वतंत्र चल. मोजले ते चाचणीतले गुण, हा अवलंबी चल. खेळण्याचा वेळ दोघांना सारखा, म्हणून तो नियंत्रित. टेट्रिसची निवड तर खास दाद देण्याजोगी आहे: हात-डोळे तिथेही कामाला लागतात, पण लक्ष एका वेळी एकाच ठोकळ्यावर असते. युद्धाचा गेम खेळलेल्यांची प्रगती अधिक दिसली आणि २००३ मध्ये ‘नेचर’ने हे संशोधन छापले.

शाळेतल्या प्रयोगात प्रतिक्रियेचा वेळ मोजायला फूटपट्टी पुरते. एकाने पट्टी उभी धरून अचानक सोडायची. दुसऱ्याने शून्याच्या खुणेशी उघडी ठेवलेली चिमूट मिटून ती पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.१७५ सेकंद लागले, २० वर पकडली तर ०.२ सेकंद. एकाच झेलावर विसंबू नये, अनेकांची सरासरी घ्यावी. हात आणि पट्टी तीच ठेवावी. सरावानेही वेळ घटतो, म्हणून दुसरा गट हवाच. आणि कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आता परिकल्पना लिहिता येते: ‘दहा दिवस रोज अर्धा तास शर्यतीचा गेम खेळणाऱ्यांचा पट्टी पकडण्याचा वेळ, तितकाच वेळ कोड्यांचा गेम खेळणाऱ्यांपेक्षा जास्त घटेल.’ हे विधान खोटे ठरू शकते, म्हणूनच ते तपासण्याजोगे आहे.

एक चल मात्र सहज नजरेतून सुटतो: अपेक्षा. वॉल्टर बूट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा संशोधनांवर हीच हरकत घेतली. गेममध्ये पटाईत म्हणून बोलावलेल्याला आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते कळते, आणि तो जास्त जोर लावू शकतो. त्यामुळे मित्रांना परिकल्पना आधी सांगू नये. रोज किती गेम खेळता, हा प्रश्नही चाचणी झाल्यावरच विचारावा.